न भिजवलेली जीन

जीन हे तेव्हा कापडाचं नाव होतं, कपड्याचं नव्हतं. दुकानात जाऊन जीन मागितली की सेठ मागच्या फळीवरून जाड, तिरप्या विणीचा तागा ओढायचा आणि विचारायचा, "सफेद, खाकी, के नीली?" पांढरी जीन शाळामास्तर वापरत, खाकी जंगलखात्याचे लोक, आणि निळी गोंदियाच्या रेल्वेत इंजिनाशी झटणारे कामगार. माझा नातू जीन म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शिवून तयार, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली पँट असते. मला अजून ताग्यावरून उलगडणारं कापड दिसतं आणि त्यामागोमाग एका माणसाचे हात दिसतात. त्या माणसाबद्दल मी सारा जन्म खरं बोललो नाही. आता इतका थकलो आहे की खोटं जपून ठेवण्याचाही कंटाळा येतो. म्हणून हे प्रकरण लिहितो आहे. यात माझी बाजू अशी काही नाही.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, छोट्या गाडीच्या स्टेशनापासून तासभर चालत. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. घरी बाबूजी, माय आणि मी. दोघी बहिणी सासरी गेलेल्या. आमची धानाची शेती पोटापुरती होती आणि बाबूजींना गावात मान होता, म्हणजे ते बोलले की लोक मधे बोलत नसत. दिवाळीच्या सुमाराला घरात एकच आवाज असे, धान सडायच्या ढेकीचा. माय आणि शेजारची काशीबाई आळीपाळीने ढेकीवर पाय देत आणि नव्या धानाचा कोंडा साऱ्या अंगणात उडे. नव्या तांदळाच्या भाताला एक दुधट वास असतो. त्या भातावर लाखोळीच्या डाळीचं वरण, बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, मासोळ्यांचं तिखट कालवण, आणि भाताची पेज मात्र कधी फेकायची नाही: थोडी प्यायची, थोडी गुरांना, आणि उरलेली कपड्यांना खळ द्यायला. आमच्याकडे बाबूजींचं धोतर, मायचं लुगडं, माझा सदरा, सगळ्याला त्या पेजेचा आंबूस वास असायचा. तो वास मला पुढे महागात पडायचा होता. किंवा खरं सांगायचं तर दुसऱ्याला.

मी मॅट्रिक पास झालो होतो आणि भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीतून कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मुलाखत मंडईनंतर आठ दिवसांनी. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचे खेळ होतात, लेकी-जावई येतात. तोवर मी पायजमा घालत होतो. बाबूजींनी ठरवलं की सायबापुढे पोट्टा फुलपँट घालून उभा राहिला पाहिजे, आणि ती जीनची असली पाहिजे, कारण एकदा घेतली की दहा वर्षं बघायला नको. आमच्या घरात त्याआधी कोणी फुलपँट घातली नव्हती.

गावात शिवणारे एकच, नत्थूजी. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांची बायको वारलेली, घरात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, वच्छला. छपरीत मशीन, मशीनच्या उजव्या अंगाला कोळशाची इस्तरी, आणि खालच्या पोत्यावर वच्छला मांडीत पुस्तक घेऊन बसलेली. सारं गाव वर्षभर त्यांच्याकडून शिवून घ्यायचं आणि धानाच्या मळणीला आपापल्या खळ्यावर बोलावून त्यांच्या टोपलीत धान घालायचं. हाच त्यांचा रोजगार. बाबूजी कापड घ्यायला जाण्याआधी त्यांना विचारायला गेले, मीही सोबत होतो.

"जीन घ्याची तर नुसती डोळ्यानं घेऊ नका, श्रावणभाऊ," नत्थूजी म्हणाले. "आंगठ्यानं घासून पाहा. पांढरी भुकटी निघाली तर समजा खळ लय अन् सूत कमी. काठाचा धागा ओढा. कटकन तुटला तर ठेवून द्या, ताणून ताणून तुटला तर घ्या. उन्हाकडं धरा, उजेड आरपार नाही दिसला पायजे. अन् घरी आणली का दोन दिवस थंड्या पाण्यात ठेवा. पाणी बदलत राहा, पिळू नका, सावलीत सुकवा. मंग माह्याकडं आणा."

"दोन दिवस कायले?" बाबूजी म्हणाले. "धोतर तं आमी तसंच नेसतो."

"धोतर गरीब हाय गा. जीन हट्टी राहते. पाणी प्याल्याबिगर ते आपला खरा आकार दाखवत नाही. न भिजवता शिवली तं पहिल्या धुण्यात वीतभर वर जाते, अन् शिव्या मंग शिंप्याले."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गोंदियाच्या बाजारात बाबूजींनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. आंगठा घासला, थोडी भुकटी निघाली. धागा ओढून ताणला. कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात गेले. शेवटी कोपरा भिजवून पाहायला पाणी मागितलं तेव्हा सेठ म्हणाला, "मालिक, कपड़ा लेने आए हो के धोने?" बाजूचे लोक हसले, बाबूजी हसले नाहीत. त्यांनी निळी जीन तीन वार फाडून घेतली. फाडतानाचा तो चर्रर्र आवाज मला फार आवडला. परतीच्या गाडीत मी ती घडी मांडीवर धरून बसलो होतो आणि दर स्टेशनावर कागद थोडा उघडून पाहत होतो. रंग पिकलेल्या जांभळासारखा, वर गिरणीच्या खळीची चकाकी, आणि हात फिरवला तर पत्र्यासारखी ताठ. मला वाटलं, हे घालून चालणाऱ्या माणसाला कोणी बस म्हणणार नाही, तो उभाच चांगला दिसेल.

दुसऱ्या दिवशी माय-बाबूजी कापणीला गेले. जाताना माय म्हणाली, "केशव, तुही जीन घंगाळात भिजवून ठेव बरं." मी घंगाळ भरलं. आधी एक कोपरा बुडवला. तो काळा पडला, मऊ झाला, ओल्या पोतेऱ्यासारखा लोंबायला लागला. मी घाबरून बाहेर काढला आणि उन्हात धरला. वाळल्यावर त्या कोपऱ्याची चकाकी गेली होती आणि त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. बाकीची घडी तशीच राजबिंडी होती. चार दिवसांवर मंडई. मी स्वतःशी म्हणालो, मंडईपुरती अशीच राहू दे, पुढचं पुढे. घंगाळातलं पाणी मी परसात ओतलं आणि जीन धानाच्या ढोलीमागे दोन दिवस लपवून ठेवली. मायने विचारलं तेव्हा भिजवली म्हणालो, सुकवली म्हणालो. तिने पाहायला मागितली नाही. माझ्यावर अविश्वास ठेवायचं तिला तोवर काही कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच कापड घेऊन नत्थूजींकडे गेलो. त्यांनी घडी उलगडली, आंगठ्याने एकदा घासलं आणि आंगठा उजेडाकडे धरून पाहिला.

"भिजवली?"

"हो काका."

"किती दिवस?"

"दोन."

"मंग ही भुकटी कोठची आली?"

मला हे अपेक्षित नव्हतं. पण खोटं बोलणाऱ्याला अशा वेळी घरातलंच काहीतरी सापडतं. मी म्हणालो, "मायनं पेजेची खळ देली."

नत्थूजींनी कापड नाकाजवळ नेलं. आमच्या भागातला लहान पोरही पेजेचा वास ओळखतो. गिरणीच्या खळीला तो वास नसतो, तेलकट असा वेगळाच असतो. त्यांनी कापड खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. वच्छलाही पुस्तकातून मान वर करून पाहत होती.

"पाह्य बापू, मंडई पुढच्या वर्षी बी येते. म्हणशील तं मी आत्ताच बुडवतो, दोन दिवसांनी कापतो, रात जागून शिवून देतो. नाही म्हणशील तं नाही."

त्यांनी मला वाट करून दिली होती. आजही ते वाक्य मला अधूनमधून ऐकू येतं, इतकं सरळ होतं. मी म्हणालो, "मायले विचारा न."

"मायचं नाव घेतलंस," ते म्हणाले आणि फीत गळ्यात घातली. "आता कायले विचारू. उभा राह्य."

 शिवून झाल्यावर मी पँट आणायला गेलो तेव्हा त्यांनी कातरणाची मूठ पुढे केली. मी म्हणालो, "मले कायले? वच्छीले पिशवी शिवून द्या." वच्छला शाळेत पुस्तकं उशीच्या जुन्या अभ्र्यात न्यायची. ती उठून मशीनजवळ आली आणि त्या तुकड्यांवरून हात फिरवायला लागली. उदार झाल्यासारखं मला बरं वाटलं, तेही मनापासून.

मंडईत मी खरंच उभा राहिलो. दोन्ही पाय एकमेकांना घासले की करकर वाजायचं. मित्र म्हणाले, "का गा सायेब, बसत कायले नाही? पँट फुटून राहिली का?" मी हसायचो. बाबूजी पानाच्या दुकानापाशी दोन पाहुण्यांना म्हणाले, "तो निळ्या पँटवाला आपला आहे." मला त्यांनी असं कधी कोणाला दाखवलं नव्हतं. संध्याकाळी दंडारीच्या गर्दीत कोणाची तरी पानाची पिचकारी माझ्या गुडघ्यावर आली.

सकाळी मी उठायच्या आत मायने पँट सोड्याच्या कडकडीत पाण्यात घालून, बडवून, वळचणीला वाळत टाकली होती. डाग निघाला होता. दुपारी मी ती चढवली तर खालची कड घोट्याच्या चार बोटं वर, आणि कमरेची गुंडी काजापर्यंत पोचेना. बाबूजी छपरीत चंची उघडून बसले होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "भिजवली होती न?" मी हो म्हणालो. मुलाखतीला आता सात दिवस होते, दुसरी पँट होणं शक्य नव्हतं, आणि कालच पानाच्या दुकानापाशी त्यांनी मला आपला म्हटलं होतं. माझ्याकडून दुसरं काही बोललं गेलं नाही.

"मंग कापड मारलं," बाबूजी म्हणाले.

शिंपी कापड मारतो, सोनार सोनं मारतो, ही आमच्या लोकांची जुनी समजूत. ती इतकी तयार असते की पुरावा नंतर येतो. आणि पुरावा आलाच. बाबूजी पँट काखेत मारून मला घेऊन नत्थूजींच्या छपरीत पोचले, चार माणसं मागून आली, बोलणं सुरू झालं, आणि तेवढ्यात वच्छला शाळेतून परत आली. खांद्याला निळ्या जीनची पिशवी होती.

"हे का आहे, नत्थू?" बाबूजींनी विचारलं. एरवी ते त्यांना नत्थूजी म्हणत.

"कातरण आहे श्रावणभाऊ. बापूनंच ठेवाले सांगतलं. विचारा त्याले."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मले आठवत नाही."

नत्थूजी जागचे उठले नाहीत. "बरं. ते जाऊ दे. एक सांग बापू, कापड भिजवलं होतं?"

"हो."

"अन् पेज तुह्या मायनं देली होती?"

मी तोंड उघडायच्या आत बाबूजी भडकले. "बायका माणसाले मधात कायले आणतेस? चोरी तुही अन् साक्ष माह्या घरच्या लक्ष्मीची?"

इथे सगळं संपायला हवं होतं आणि इथेच सगळं बंद झालं. मायला विचारलं असतं तर ती खरं बोलली असती. पण पाचजणांसमोर बाईचं नाव निघालं म्हणजे अपमान झाला, आणि अपमान झाल्यावर खरंखोटं कोणी पाहत नाही. माझ्या खोट्याला बाबूजींच्या इभ्रतीने कुलूप लावलं.

नत्थूजींनी वच्छलाला जवळ बोलावलं. पिशवीतली पुस्तकं काढून मशीनवर ठेवली. मग ब्लेड घेऊन पिशवीची एकेक शिवण उसवायला लागले. घाई नव्हती. मोठ्या वाटणाऱ्या त्या पिशवीतून तुकडे निघत गेले, काही तळहाताएवढे, बरेच तीन बोटांचे, त्रिकोणी, वाकडे. ते त्यांनी जमिनीवर एकापुढे एक मांडले. "मोजा," म्हणाले. "यात पँटचा पाय कोठी आहे ते दाखवा." वच्छला रडत नव्हती. ती फक्त तुकडे पाहत होती, जणू त्यातला कोणता कुठे होता ते लक्षात ठेवत होती.

कोणी मोजलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "बाकीचं बाजारात गेलं असंन." आणि लोक हसले.

"पँट ठेवून जा भाऊ," नत्थूजी शेवटी म्हणाले. "आत कापड सोडलं आहे मी. उद्यापावतर मोठी करून देतो."

"चोराच्या हातात पुन्हा देऊ?" बाबूजी म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवशी जेवताना बाबूजींनी झालेलं सगळं सांगितलं, माय भात वाढत होती. बाबूजी हात धुवायला उठले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी कव्हा पेज देली रे तुह्या जीनले?" मी ताटात पाहत राहिलो. तिने पळी खाली ठेवली, परत उचलली आणि वाढायला लागली. तिने बाबूजींना सांगितलं नाही. मरेपर्यंत सांगितलं नाही. मला पुन्हा कधी विचारलंही नाही. आम्हा दोघांत ते कायम राहिलं, आणि मला वाटतं तिचं माझ्याशी बोलणं त्या दिवसापासून थोडं कमी झालं.

भंडाऱ्याला मी मोठ्या बहिणीकडे उतरलो. सोबत ती पँट होती, कारण दुसरं काही नव्हतं. ताईने पँटची खालची कड उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "अगा, यात तं लय कापड आहे." तिच्याकडचं ब्लेड घेऊन मी दुमड उसवली. आत चार बोटं कापड होतं. मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं. साध्या पँटमध्ये कोणी इतकं सोडत नाही. नत्थूजींनी आंगठ्यावरची भुकटी पाहिली होती, वास घेतला होता, माझं खोटं ओळखलं होतं, आणि जास्तीचं कापड कापून टाकण्याऐवजी माझ्या खोट्यापुरती जागा आत शिवून ठेवली होती. एवढं कापड आत सोडल्यावर बाहेर कातरण उरणार तरी किती? ताईने टीप घातली, मेहुण्यांनी इस्तरी केली. खाली घोट्याजवळ जुन्या दुमडीची गडद निळी रेघ तेवढी राहिली. मुलाखतीत साहेबाने तीन प्रश्न विचारले, हस्ताक्षर पाहिलं आणि मला घेतलं. त्या नोकरीवर माझं लग्न झालं, मुलं शिकली, गोंदियाजवळच्या कुडव्यातलं हे घर झालं. मी बसलो आहे ती खुर्चीही तिच्यातलीच.

भंडाऱ्याहून घरी येताना मी ती कड पुन्हा आत दुमडून, हाताने टाके घालून आणली. बाबूजींना पँट पुरी झालेली दिसू नये म्हणून. हे मी तीन वर्षं केलं. दर सुटीला गाडीत बसण्याआधी टाके घालायचे आणि परत गेल्यावर काढायचे.

मळणीला मी गावी होतो. आमच्या खळ्यावर न्हावी आला, लोहार आला, त्यांच्या टोपल्या भरल्या. नत्थूजीही आले, बोलावणं नसताना. टोपली घेऊन कडेला उभे राहिले. बाबूजी लोहाराशी पावसाचं बोलत राहिले. पुष्कळ वेळ बोलले. मी सुपाने धान उपणत होतो, तोंडावर कोंडा उडत होता, आणि त्या कोंड्याचा मला आधार वाटत होता. नत्थूजी रिकामी टोपली घेऊन निघून गेले. आमच्या खळ्यावरून रिकामा गेलेला माणूस इतरांनीही रिकामा पाठवला. माघात कचारगडच्या जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्या गावातून जात होत्या त्या दिवसांत त्यांनीही एका गाडीवर मशीन चढवलं. वच्छलाचं नाव शाळेतून काढलं गेलं. ती चौथीत होती.

पुढे गोंदियाला माझी बदली झाली तेव्हा कळलं की ते बाजारात एका कापड दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसतात. मी त्या रस्त्याने जायचं सोडलं. सोपं होतं ते, बाजाराला दुसराही रस्ता होता. बाबूजी गेले, माय गेली, मी निवृत्त झालो, तरी मी दुसऱ्याच रस्त्याने जात राहिलो. ते कधी वारले तेही मला कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नातवाने नवी जीन आणली, ती पायात लांब होत होती. मी त्याला म्हटलं, आधी भिजव, मग कापायला दे. तो म्हणाला, "आजोबा, ही कंपनीतूनच आटवून येते. आणि जीन धुवायची नसते." तरी मला गाडीवर मागे बसवून तो जवळच्या एका शिवणकामाच्या दुकानात घेऊन गेला. सून मशीनवर होती, सासू बाजूला खुर्चीत. म्हातारीने जीन हातात घेतली, आंगठ्याने एकदा घासली आणि उजेडाकडे धरून पाहिलं. मी नातवाला बाहेर थांबायला सांगितलं. मग तिला तिचं माहेर विचारलं.

वच्छलाने मला ओळखलं नव्हतं. मी नाव सांगितल्यावर ओळखलं. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. तिने बस म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे मले कायले सांगता? मले माहीत आहे. मी तेथीच पोत्यावर बसली होती. बाबाले बी माहीत होतं. गावाले सांगा जाऊन."

"आता गावात कोण आहे?"

"लोक तं आहेत न?"

मी गेलो. मुलाने गाडी करून दिली. देवळाच्या चौकात आठ-दहा माणसं होती, बहुतेक माझ्याहून लहान. मी बसून सगळं सांगितलं, पेजेचं, पिशवीचं, आतल्या कापडाचं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मध्येच एकाने चहा आणला. पेले अर्धेच भरले होते. एक तरुण हसून म्हणाला, "का बे, नत्थूचं माप देऊन राहिला का?" मी विचारलं, हे काय?  मग माझ्या वयाचा एकजण, सदाशिव, म्हणाला, "बोलतात तसे गा आपल्याकडं. कोणी कमी देलं का नत्थूचं माप म्हणतात. दुकानात, राशनमंधी, कोठी बी. पोरायले थोडीच माहीत आहे नत्थू कोण." मी म्हटलं, "पण आता ऐकलं न? आता तरी बंद करा." सदाशिवने मान हलवली. "तू खरं सांगतलं, चांगलं केलं. पण ते तोंडात बसलं आहे, केशवा. तू दोघा-चौघायले सांगशीन. म्हण तं साऱ्याच्या तोंडी आहे."

घरी आल्यावर वच्छलाला फोन केला आणि झालं ते तसंच सांगितलं. म्हणीचंही सांगितलं. तिला ती माहीत होती. तिच्या लग्नात वऱ्हाडातल्या कोणीतरी तिच्यासमोरच वापरली होती.  मग ती म्हणाली, "तुम्ही कचेरीत होते न? लिवता येते तुम्हाले. मंग लिवा. अन् नत्थू नका लिवू, पुरं नाव लिवा."

मला पुरं नाव माहीत नव्हतं. ज्यांनी माझी पँट शिवली, ज्यांना माझ्यामुळे गाव सोडावं लागलं, त्यांचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं. ते तिला विचारावं लागलं. तिने सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि बरोबर लिहिलं की नाही म्हणून पुन्हा वाचून दाखवलं.

नत्थू लहानूजी सोनटक्के. त्यांनी माझ्या कापडातून बोटभरही घेतलं नाही.